कोरोलाच्या टेललाइटची काळी-चंदेरी पट्टी उडालीय, ती परत कशी करायची

साताऱ्याच्या एका भावाने विचारलंय. काकांनी परदेशातून येताना आणलेली 1981 ची टोयोटा कोरोला त्यांच्याकडे आहे, सध्या गाडीचं डेंटिंग-पेंटिंग चालू आहे, आणि मागच्या लाइटच्या लाल-पिवळ्या काचेला कडेने जी काळी पट्टी होती आणि तिच्या आतल्या बाजूने बारीक चंदेरी रेघ होती, ती पापुद्रे सुटून जवळजवळ गेलीय. पेंटर म्हणतोय बॉडीबरोबर तेही गनने मारून देतो. तर मारू द्यावं का, घरी करायचं झालं तर रंग कुठला, नाहीतर ऑनलाइन मिळतोय तो डुप्लिकेट सेट घ्यावा का, असे तीन प्रश्न आहेत. फोटो बघितले, डावी लेन्स खालच्या स्क्रूपाशी थोडी तडकलेली दिसतीय, त्याचंही सांगतो.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे, पेंटरला मारू देऊ नका. तो बॉडी कितीही भारी मारत असला तरी नको. मी सांगलीत कुपवाड रोडला हेच काम करतो, जुन्या गाड्यांचं फिनिशिंग, क्रोम, ट्रिम, लाइटा, आणि माझ्याकडे येणाऱ्या खराब झालेल्या लेन्सांपैकी निम्म्याहून जास्त उन्हाने किंवा ठोकरीने गेलेल्या नसतात, थिनरने गेलेल्या असतात.

कारण असं की आपण तिला काच म्हणतो पण ती काच नाही, ॲक्रिलिक आहे. दुकानाच्या लाइटवाल्या पाट्या ज्याच्या बनवतात तेच प्लास्टिक. ऊन ते चांगलं सोसतं, म्हणून तर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी पण तुमचा लाल अजून लाल आहे. पण लेन्स साच्यात दाबाने भरलेली असते, गार होताना कोपऱ्यात आणि स्क्रूच्या भोकांभोवती ताण आतच अडकून राहतो, आणि एनसी थिनरमधलं, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाच्या थिनरमधलं टोल्युइन, ॲसिटोन, अल्कोहोल असलं काही त्या जागी लागलं की तो ताण चिरा होऊन बाहेर पडतो. केसापेक्षा बारीक चिरा, आडव्यातिडव्या, लाइट लावली की चमकतात. गंमत म्हणजे बऱ्याचदा त्या दिवशी काहीच दिसत नाही, गाडी घरी येते, पूजा होते, हार घातला जातो, आणि महिनाभर उन्हात उभी राहिली की मग एक दिवस दिसतात आणि तोवर पेंटर म्हणतो आमच्याकडनं गेली तेव्हा चांगली होती. खोटं बोलत नसतो तो, त्याला खरंच माहीत नसतं. टू-के पीयूचं, म्हणजे हार्डनर मिसळून मारतात त्या रंगाचं थिनर एनसीपेक्षा जरा बरं, पण त्यातही झायलीन आणि ब्युटाइल ॲसिटेट असतंच, आणि बॉडीवर मारतात तसा ओला कोट लेन्सवर बसला की तेच होणार.

आणि नुसत्या रंगाचंच नाही, पुसण्याचं पण हेच. पेंटरचा पोऱ्या सवयीने थिनरचा बोळा फिरवतो, काही जण स्पिरिट घेतात, करोनापासून तर घरात उरलेलं सॅनिटायझर घेतात, ते अल्कोहोलच की. पंपावरचं पेट्रोल पण नको. ॲक्रिलिकला चालतं ते म्हणजे कोमट पाणी आणि भांड्याचं लिक्विड, आणि तेलकट डाग असेल तर थोडं रॉकेल, मिळालं तर. नाहीतर लायटरमध्ये भरायचं पांढरं पेट्रोल मिळतं ते, फडक्यावर घेऊन, आणि परत साबणाने धुवायचं.

आता घरी करायचं तर पहिलं काम, लाइट गाडीवरनं उतरवा. गाडीवर ठेवून टेप लावून करतो म्हणणारे असतात, करू नका, कडेची जागा हातातच येत नाही आणि मागे जो ओरिजिनल रंग राहिलाय तो दिसत नाही, तो आपल्याला लागणार आहे. डिकीच्या आतनं नट असतात, गंजलेले असणारच, तेल मारायचं तर ते फक्त नटावर, फडकं गुंडाळलेल्या काडीने, लेन्सवर उडू द्यायचं नाही, आणि जोर लावायचा नाही कारण प्लास्टिकमध्ये बसवलेला स्टड, म्हणजे आट्यांची खुंटी, फिरला की सगळं हाउसिंग, म्हणजे लाइटचा मागचा डबा, गेलं. लेन्स हाउसिंगला स्क्रूने असेल तर ठीक, चिकटवलेली असेल तर हाताला चटका बसेल न बसेल इतक्या गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून हळूहळू सोडवा. हीट गन आणू नका, ॲक्रिलिक शंभर डिग्रीच्या आसपास मऊ पडतं आणि हीट गनला तिथं पोचायला काही सेकंद लागतात.

उतरवली की लेन्सची कड बघा, जी पॅकिंगखाली दबलेली होती. तिथं ऊन गेलेलं नसतं, फडकं गेलेलं नसतं. बोटभर का होईना, कारखान्यातनं आला तसा रंग तिथं सापडतो. त्याचा दिवसाउजेडात जवळनं फोटो काढा आणि ती जागा शेवटपर्यंत घासू नका. मी हे पुन्हा पुन्हा सांगतो कारण हौसेने गाडी करणारी माणसं आठवणीवर रंग ठरवतात आणि आठवणीत सगळं चकचकीत असतं. त्या काळातल्या जपानी गाड्यांच्या लेन्सवरचा काळा चकचकीत नसायचा, अर्धवट मॅट असायचा, आपण सॅटिन म्हणतो तो. चकचकीत काळा मारला की लाइट लांबूनच नवीन केलेली दिसते आणि फुल मॅट मारला की महिन्यात पांढुरका पडल्यासारखा वाटतो, बोटांचे डाग तर उचलतोच. चंदेरीचं पण तसंच, पण त्याकडे नंतर येतो.

जुना रंग काढायला केमिकल वापरू नका. ब्रेक ऑइलने निघतो, कॉस्टिकने निघतो असं बरेच जण सांगतात, निघतो पण, पण ते लेन्सच्या कानाकोपऱ्यात आणि स्क्रूच्या भोकात जाऊन बसतं आणि मग तिथनं काय करतंय ते कोण बघणार. बांबूची काडी चपटी तासून घ्या, उदबत्तीची चालते, तिने सुटलेले पापुद्रे उचला, जे हट्टी आहे ते 800 च्या वॉटर पेपरने पाण्यात साबण घालून. पेपर बोटावर नाही, खोडरबराच्या तुकड्यावर गुंडाळून, म्हणजे पट्टीच्या कडेपाशी सरळ थांबता येतं. ब्लेड वापरायचंच असलं तर ओढून, खरवडल्यासारखं, खुपसून नाही. मिरजेत तंतुवाद्यं बनवणारे लोक लाकडावर पॉलिशच्या आधी पातीने खरवडतात ती पद्धत बघितली असेल तर तसंच. लेन्सच्या मधल्या भागावर म्हणजे जिथनं उजेड बाहेर येतो तिथं आत्ताच पेपर लावू नका.

पॉलिश रंगाच्या आधी करून घ्या, हा क्रम महत्त्वाचा आहे. उलटं केलं तर नवीन पट्टीची कड घासून चमकवायच्या कंपाउंडने खाल्ली जाते. लेन्सवर नुसता धुरकटपणा असेल तर पेपर लागतच नाही, बारीक कंपाउंड आणि मऊ फडकं, हाताने. ओरखडे असतील तर 1500, 2000, 2500 असं ओलं घासत जायचं आणि मग कंपाउंड. मशीन लावणार असाल तर स्पीड एकदम कमी, कारण एका जागी धरलं तर ॲक्रिलिक तापतं आणि वितळून ओढल्यासारखं होतं, ते मग कशानेच निघत नाही. पॉलिश झालं की दोनदा धुवा. कंपाउंडमध्ये, आणि त्याहून जास्त डॅशबोर्ड चमकवायच्या स्प्रेमध्ये सिलिकॉन असतं, त्याचा अंश जरी राहिला तर रंग तिथनं पळतो आणि गोल गोल डोळे पडतात.

तडकलेल्या डाव्या लेन्सचं आत्ताच करून घ्या, रंगाच्या आधी. फेविक्विक नको, त्याची वाफ आजूबाजूला पांढरी बसते आणि जोड ठिसूळ राहतो. सांगलीत, साताऱ्यात ॲक्रिलिकच्या पाट्या बनवणारी दुकानं आहेत, ती लोकं शीटला शीट जोडायला क्लोरोफॉर्म वापरतात, इंजेक्शनच्या सुईने सांध्यात एक थेंब सोडतात, तो आपोआप आत ओढला जातो आणि प्लास्टिकलाच प्लास्टिक चिकटतं. तेच तुमच्या तड्याला करायचंय, पण त्यांच्याकडूनच करून घ्या, बाटली घरी आणू नका, आणि दोन गोष्टी त्यांना बजावून सांगा. तडा आधी पूर्ण कोरडा आणि स्वच्छ पाहिजे, आणि तड्याच्या शेवटच्या टोकाला एक बारीक भोक पाडून घ्यायचं म्हणजे तो पुढे सरकत नाही. भोक हाताच्या ड्रिलने, हळू. आता तुम्ही म्हणाल वर थिनरला नको म्हणालात आणि इथं क्लोरोफॉर्म कसं चालतं. इथं आपल्याला प्लास्टिक विरघळायलाच पाहिजे, पण एका रेघेत, एक थेंब. जोडलं की दोन दिवस हात लावायचा नाही. तडा पट्टीखालीच आहे म्हणून दिसणार नाही, उजेडाच्या भागात असता तर रेघ दिसली असती हे सांगून ठेवतो.

आता रंग. लेन्सवरच्या काळ्यासाठी माझं मत साधं सिंथेटिक इनॅमल, सॅटिन काळा, टर्पेंटाइनने पातळ केलेला. हो, ग्रिलला आणि दाराला मारतात तोच प्रकार. गाडीवाले ऐकून नाक मुरडतात, पण मिनरल टर्पेंटाइन ॲक्रिलिकला सोसतं, रंग हळू वाळतो म्हणून ब्रशच्या रेषा आपोआप बसतात, आणि चुकला तर पहिल्या तासाभरात टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून परत सुरू करता येतं. टू-के टिकाऊ जास्त आहे हे मान्य, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसाला वाईट, कापडी मास्कने काही होत नाही, आणि दोन पट्ट्यांसाठी घरात ते करण्यात अर्थ नाही. स्प्रेचे डबे मिळतात ते बहुतेक ॲक्रिलिक लॅकर असतात, त्यातलं सॉल्व्हंट कडक असतं. डबाच वापरायचा असला तर लांबनं, कोरडा धुरळा बसल्यासारखे पातळ कोट, आणि प्रत्येक कोटमध्ये वेळ, ओला दिसेल असा एकही कोट नाही. हाउसिंगची मागची बाजू, जी ॲक्रिलिक नसते, तिथं पेंटर काय मारायचं ते मारू दे.

सॅटिन काळा थेट मिळाला नाही तर मॅट आणि चकचकीत एकाच कंपनीचे घेऊन मिसळा, थोडं थोडं, प्लास्टिकच्या तुकड्यावर मारून, वाळल्यावर, त्या लपलेल्या ओरिजिनल कडेशेजारी धरून बघा. ओल्यात तुलना करू नका, ओला रंग सगळा चकचकीतच दिसतो.

पट्टीच्या जागेला 1000 च्या पेपरने हलका हात मारायचा म्हणजे चमक गेली पाहिजे, खड्डा नाही. मग टेप. इथं पैसे वाचवू नका. हार्डवेअरमध्ये मिळणारी पिवळट क्रेप टेप असते तिची कड सुरकुतलेली असते, तिच्या खालनं रंग झिरपणारच, कितीही दाबा. प्लास्टिकची फाइन लाइन टेप पाहिजे, तीन मिलिमीटरवाली, थ्रीएमची निळी किंवा हिरवी, ऑटो पेंटच्या दुकानात मागून बघा, कोल्हापूर-सांगलीत मोठ्या दुकानात मिळते. आधी ती तीन मिलीची कडेने लावायची, मग तिच्यावर साधी टेप आणि कागद. वळणावर टेप ताणली जाते हे तिचं वैशिष्ट्य, पण ताणून लावलेली टेप रात्रीत परत आखडते आणि वळण आतल्या बाजूला सरकतं, म्हणून टेप लावली की त्याच दिवशी रंगवायचं. कड बांबूच्या काडीने किंवा नखाने दाबत न्या, आडव्या उजेडात मोबाइलचा टॉर्च धरून बघा, जिथं टेप बसलीय तिथं ती गडद दिसते, जिथं हवा आहे तिथं पांढुरकी. ही तपासणी रंगवण्याहून जास्त वेळ खाते आणि खाऊ दे.

दोन पातळ कोट, मध्ये एक रात्र, आणि टेप रात्रभर ठेवायची नाही म्हणून प्रत्येक कोटाला ती काढून नव्याने लावायची. पहिल्या कोटात खालचा लाल दिसणार, घाबरून जाड करू नका. दुसऱ्यानंतर लाइटच्या मागे बल्ब धरून बघा, कुठं उजेड झिरपतोय का. झिरपत असेल तर तिसरा. ओरिजिनलमध्ये काळा उजेड पूर्ण अडवतो, आपला पण अडवला पाहिजे, नाहीतर रात्री ब्रेक मारला की पट्टी तपकिरी-लाल दिसते. टेप काढायची वेळ म्हणजे रंग बोटाला चिकटत नाही पण अजून कडक झालेला नाही तेव्हा, इनॅमलला हवामानाप्रमाणे काही तास लागतात. टेप स्वतःवरच मागे दुमडून, तिरकी, हळू ओढायची. पूर्ण वाळल्यावर ओढली तर कडेचे तुकडे टेपबरोबर येतात. कुठं झिरपलंच तर बांबूच्या काडीच्या टोकाला फडक्याचा एक पदर गुंडाळून, टर्पेंटाइनमध्ये बुडवून, निथळवून, तेवढंच पुसा.

हात स्थिर असेल तर खालच्या कडेला टेपशिवाय ब्रशने पण होतं. मिरज-सांगली पट्ट्यात ट्रकच्या बॉडीवर रेघा मारणारे पेंटर अजून आहेत, लांब केसांचा लाइनर ब्रश, करंगळी टेकवून एका दमात दहा फूट रेघ ओढतात. असा एखादा ओळखीचा असेल तर लेन्स आणि आपला डबा घेऊन त्याच्याकडे जा, रंग तुमचा, हात त्याचा. त्याच्या डब्यातला रंग घेऊ देऊ नका एवढंच.

आता चंदेरी रेघ, सगळ्यांचं घोडं अडतं ते इथं. ती मुळात रंग नव्हतीच. लेन्सवर बारीक वरंबा असतो, त्याच्या डोक्यावर गरम साच्याने चंदेरी फॉइल दाबून चिकटवतात, हॉट स्टॅम्पिंग म्हणतात, ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर आणि वर लॅकर. लॅकर उन्हाने गेलं की ॲल्युमिनियम उघडं पडतं आणि गाडी धुताना फडक्याबरोबर जातं. म्हणून सगळ्यात आधी जातो तो चंदेरी, काळा नंतर. ते स्टॅम्पिंग घरी होत नाही. पर्याय तीन, आणि मी तिन्ही करतो.

एक, लिक्विड क्रोमचा मार्कर. रेघ आरशासारखी येते, फोटोत फार भारी. पण ती शाई अल्कोहोलची असते, वर क्लिअर, म्हणजे बिनरंगी थर, मारला की आरसा जाऊन नुसता राखाडी उरतो, आणि क्लिअर नाही मारला तर बोटाने पुसली जाते. प्रदर्शनात उभ्या करायच्या गाडीला ठीक, रोज कास पठाराच्या बाजूला धुक्यात पावसात फिरवणार असाल तर नाही. आणि अल्कोहोल ॲक्रिलिकवर हा मुद्दा आहेच, अगदी थोडं असतं, पण स्क्रूच्या भोकाजवळ नको.

दोन, चिकटणारी क्रोम पट्टी. सरळ रेघेला चालते, वळणावर सुरकुत्या, आणि वरंब्यापेक्षा कधी रुंद कधी अरुंद. लांबून झकास, जवळून स्टिकर.

तीन, जी मी तुम्हाला सांगतोय, वरंब्याच्या डोक्यावर चंदेरी ठप्प्याने लावायची. लाकडाची छोटी ठोकळी घ्या, काड्यापेटीपेक्षा लहान, एक बाजू सपाट घासून तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून चिकटवा, खालची बाजू गुळगुळीत पाहिजे. काचेच्या तुकड्यावर चंदेरीचा अगदी पातळ थर पसरवा, रंग थोडा चिकट व्हायला आला की ठोकळी त्याच्यावर दाबून उचला, पहिला ठसा कागदावर सोडा, दुसरा लेन्सच्या वरंब्यावर. ओढायचं नाही, दाबून उचलायचं, पुढे सरकून परत दाबायचं, प्रत्येक वेळी आधीच्या ठशावर थोडं चढवत. रंग फक्त डोक्यावर बसतो, खाली खाचेत उतरत नाही, कड चाकूने कापल्यासारखी येते. टेप नाही, ब्रश नाही. आधी जुन्या तुटक्या लेन्सवर नाहीतर कंगव्याच्या पाठीवर हात बसवून घ्या, दाब कमी झाला तर ठिपके दिसतात, जास्त झाला तर बाजूने ओघळ येतो, मधला दाब हाताला कळतो पाच-दहा ठशांत.

चंदेरी कुठला हे महत्त्वाचं. पत्र्याला, पाइपला मारतात तो ॲल्युमिनियम पेंट घेऊ नका. त्यातले कण वाळताना तरंगून वर येतात आणि एकावर एक पसरतात, म्हणून तो पहिल्या दिवशी खूप चमकतो, पण तेच कण बोटाला लागतात, आणि वर क्लिअर धरत नाही. कण रंगाच्या आत राहतात तसा चंदेरी पाहिजे, मॉडेल बनवणाऱ्यांचा इनॅमल सिल्व्हर मिळाला तर उत्तम, नाहीतर ऑटोच्या दुकानातला बारीक दाण्याचा सिल्व्हर बेस, चमचाभर. बेसमध्ये कडक सॉल्व्हंट असतं खरं, पण ठप्प्यावर येईतो बरंचसं उडून गेलेलं असतं आणि लागतोही किती, म्हणून चालतं. आठवडाभर वाळू द्या आणि मग टर्पेंटाइनमधलं सॅटिन क्लिअर, रेघेवर आणि काळ्यावर दोन्हींवर एकच पातळ हात, उजेडाच्या भागावर नाही. रेघ आरशासारखी होणार नाही, जुन्या चांदीसारखी शांत दिसेल, आणि लपलेल्या कडेवरच्या ओरिजिनलशेजारी धरून बघा, तीच जवळची वाटेल.

एक गोष्ट कृपया करू नका. लेन्समध्ये कुठंतरी चौकोन किंवा पट्टा असेल ज्याच्यात मागच्या बाजूला बारीक त्रिकोणी टेकड्या आहेत, तो रिफ्लेक्टर. गाडी बंद उभी असताना मागच्या गाडीच्या उजेडात तो लाल चमकतो. रात्री ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रस्त्यावर त्याची किंमत कळते. उजेड पुढनं आत येतो, त्या टेकड्यांच्या मागच्या तोंडांवर आपटून परत फिरतो, आणि तो फिरतो कारण मागे नुसती हवा असते. काही कारागीर जास्त चमकेल म्हणून मागनं चंदेरी मारून देतात, त्याने तो उलट मंद होतो. मागची बाजू घासू पण नका, कंपाउंड त्या खाचांत भरलं की निघत नाही. नुसतं साबणपाणी, मऊ टूथब्रश, आणि हवेवर वाळवणं.

सांगलीच्या पुरात 2019 ला आणि 2021 ला बुडालेल्या गाड्यांच्या लाइटा माझ्याकडे आल्या होत्या, त्यांच्यात सगळ्यात मोठा त्रास हाच होता, कृष्णेचा गाळ पिठासारखा बारीक आणि तो फडक्याने पुसला की आतला चंदेरी वाटीसारखा भाग ओरबाडला जातो. तुमच्या लाइटमध्ये धूळ असेल तर पुसण्याआधी पाण्याने वाहू द्या. आतला चंदेरी गेलाच असेल तर चकचकीत पांढरा रंग चालतो, चंदेरी रंगापेक्षा बरा उजेड देतो.

हवामानाचं बोलायचं तर पावसाळ्यात हे काम काढू नका, साताऱ्यात तर नाहीच. ओलाव्यात इनॅमल दिवसेंदिवस चिकट राहतो. हिवाळ्यात ऊसाचा सीझन, कारखाने चालू, काळी भुशी उडत असते, सकाळी गच्चीवर ठेवलेली लेन्स संध्याकाळी ठिपकेदार होते. बंद खोलीत, फरशीवर पाणी शिंपडून, पंखा बंद. आणि वर पुठ्ठ्याचा खोका पालथा घाला, एवढंच पुरतं. फेब्रुवारी-मार्च चांगला.

परत बसवताना जुनं पॅकिंग दगड झालेलं असेल तर नवीन फोम रबर शीटमधून कापून घ्या. सिलिकॉन सीलंट भरू नका, पुढच्या वेळी लेन्स निघणार नाही आणि व्हिनेगरसारखा वास येणारं असेल तर ते होल्डरचा पत्रा पण गंजवतं. खाली पाणी जायचं बारीक भोक असतं ते मोकळं आहे ना बघा, ते बुजलं की आत वाफ धरते आणि कडेनं पाणी बसून तुमची नवीन पट्टी परत उचलेल. स्क्रू बोटाने बसतील तेवढे आणि मग पाव फेरा, बस. पॅकिंग दाबलं जातंय एवढं दिसलं की थांबा, तुमची डावी लेन्स तिथंच तडकलीय म्हणजे कुणीतरी आवळलीच होती. बल्ब 21 वॅटचा ब्रेकला आणि 5 चा पार्किंगला असाच ठेवा, जास्त वॅटचे टाकून लेन्स आतनं भाजलेल्या मी बघितल्यात.

डुप्लिकेट सेटबद्दल. लेन्सवर आतल्या कोपऱ्यात कंपनीचं नाव आणि नंबर उठावाने असतो, टोयोटाच्या लाइटांवर बऱ्याचदा कोइटो, तो बघून ठेवा. ओरिजिनल जुना स्टॉक त्याच नंबरचा मिळाला तर कितीही महाग असू दे, घ्या, आणि वापरू नका, ठेवून द्या. पण फोटोत जो सेट दिसतोय त्याची लाल छटा गुलाबीकडे जाते, वरंबे गोल आहेत, कडा बसक्या आहेत, आणि तो बॉडीच्या पत्र्याला नीट बसेल याची खात्री नाही. एक बाजू ओरिजिनल आणि एक डुप्लिकेट असं तर अजिबात नको, ते शंभर फुटावरनं कळतं. तुमच्या लेन्स दोन्ही वाचण्यासारख्या आहेत. गाडीच्या पासिंगची तारीख जवळ असेल तर आत्ता तशाच पट्टी नसलेल्या बसवून आणा, इन्स्पेक्टर लाल लाल आहे का, इंडिकेटर पिवळा आहे का, पेटतं का हे बघतो, चंदेरी रेघ नाही बघत. नंतर सावकाश उतरवून करा.

लावल्यावर पहिला महिनाभर प्रेशर वॉशरला नेऊ नका, नेली तर पोऱ्याला सांगा मागच्या लाइटवर नोजल जवळ धरू नको. उरलेला सॅटिन काळा छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा, हवा कमी राहिली की साय कमी धरते. कुठं ठिकरी उडाली तर तेवढंच टच-अप होतं.